घात आली की घात झाला

आमच्या चंदनाअक्का कोल्हापुरातल्या कापड दुकानदाराच्या लेक. कापडाचा पन्ना किती, अस्तर कुठलं लागेल, कुठला रंग धुतल्यावर विटेल, हे त्या कापडाला हात न लावता सांगायच्या. पण लग्न होऊन कागलजवळच्या आमच्या गावी आल्या तेव्हा त्यांनी ऊस फक्त रसाच्या गाड्यावर पाहिलेला होता. मी त्यांची धाकटी जाऊ. चार वर्षांनी त्या घरात आले. त्यामुळं त्यांच्या पहिल्या वर्षातली गोष्ट मी पाहिली नाही, सासूबाईंच्या तोंडून ऐकली. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला ती ऐकावीच लागते.

लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. चार दिवस पाऊस लागून गेला होता आणि उघडीप पडली होती. अक्कांचे यजमान, म्हणजे आमचे महावीरअण्णा, सकाळी रानातून आले आणि दारातूनच म्हणाले, "आई, विहिरीकडच्या रानाला घात आली."

अक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. घात हा शब्द त्यांना एकाच अर्थानं माहीत. कुणीतरी दगा दिला, रान हातचं गेलं, असं त्यांना वाटलं. हात तसेच पिठाचे घेऊन त्या देवघरात गेल्या आणि णमोकार मंत्र म्हणत बसल्या. भाकरी करपल्याचा वास आला म्हणून सासूबाई आत गेल्या, तर ह्या डोळे मिटून रडत होत्या.

घरभर हसू झालं. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी अक्कांना सरळ रानात नेलं आणि हातावर माती ठेवली.

"मूठ वळ," ते म्हणाले. "चिखल असला तर हाताला चिकटतंय. वाळलं असलं तर मूठच वळत न्हाय. ह्याचा लाडू झाला का? आता टाक खाली. फुटला का? म्हंजे औत घालायला, पेरायला रान तयार हाय. ह्येला घात म्हणायचं. पुस्तकात वाफसा लिहित्यात."

"मग दुसरा घात?"

"तो होतो. ही येती. घात झाला म्हटलं तर रड. घात आली म्हटलं तर जेवण घेऊन रानात ये."

अण्णा असे होते. शब्दाला फार जपायचे. सरी म्हणजे नांगरटीनंतर पाडलेली खोलगट ओळ आणि वरंबा म्हणजे दोन सऱ्यांमधला उंचवटा. कुणी सरीला वरंबा म्हटलं की ते चालता चालता थांबायचे. समोरचा माणूस शब्द सुधारून घेईपर्यंत हलायचे नाहीत. पावण्यारावळ्यांत ह्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. पण त्यालाही कारण होतं. आमचा औत्या, म्हणजे औत हाकणारा गडी, गुंडू एकदा दुसऱ्याच्या रानात कामाला गेला होता. ऊस अजून गुडघ्याएवढाही नव्हता. मालकाला सांगायची होती बाळभरणी, म्हणजे बुडाशी हलकी माती लावायची. तो नुसतं 'भरणी' म्हणाला आणि गुंडूनं मोठी भरणी करून टाकली. कोवळा ऊस मातीखाली गेला. गुंडू अजून सांगतो, "आण्णा म्हणत्यात त्ये खरं हाय. कामाचं नाव अर्धं सांगितलं की माणूस दुसरंच काम करून येतंय."

अक्का मात्र तीस वर्षांत निम्मेच शब्द शिकल्या. घर, गुरं, दूध, पैपाहुणा सगळं त्यांनी सांभाळलं, रानाचे शब्द अण्णांवर सोडले. उसात जिथं उगवण झाली नाही तिथं नवीन कांडी लावतात, त्याला नांगी भरणं म्हणतात. अक्का पहिली दहा वर्षं त्या कामाला गेल्या नाहीत. नांगी म्हटलं की त्यांना विंचूच दिसायचा.

गेल्या साली मार्गशीर्षात विहिरीकडच्या उसाला तोड आली. म्हणजे कारखान्याची टोळी ऊस तोडायला आमच्या रानात यायची पाळी आली. पहिल्याच सकाळी अण्णा टोळीच्या मुकादमाशी बोलता बोलता बांधावर बसले आणि कलले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. कोल्हापूरच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. अक्का त्या तीन आठवड्यांत एकदाही गावाकडं आल्या नाहीत. मी डबा घेऊन गेले की त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या असायच्या, हातात जपमाळ.

पाय हळूहळू सुधारला. वाचा गेली ती गेली. डॉक्टर म्हणाले, ह्यांना कळतं सगळं, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. एकच शब्द तेवढा बाहेर यायचा. बरं.

चहा देऊ का विचारलं, बरं. पाय दुखतोय का, बरं. पंखा बंद करू का, बरं. आणि पंखा बंद केला की डाव्या हातानं खुर्चीवर थापट्या मारत, "बरं, बरं, बरं." म्हणजे नको होतं. भेटायला येणारे म्हणायचे, "अण्णा किती मऊ झालेत. कशाला न्हाय म्हणत न्हाईत."

अक्कांचा जीव वरखाली व्हायचा. "मऊ झालं न्हाईत," त्या म्हणायच्या. "अडकल्यात."

एकदा त्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या होत्या, तेवढ्यात नात्यातले एकजण आले. अण्णांची मोटारसायकल दारात नुसती उभी होती. "अण्णा, गाडी गंजून जाईल, मी वापरू का?" "बरं." ते गाडी घेऊन गेले. अक्का परत आल्या तर अण्णा गाडीच्या मोकळ्या जागेकडं बघत बसलेले. दुसऱ्या दिवशी अक्का पहिल्या एसटीनं पावण्यांच्या गावी गेल्या आणि गाडी टेम्पोत घालून परत आणली. चहासुद्धा घेतला नाही. घरी येऊन सगळ्यांना बसवून म्हणाल्या, "ह्यांच्या 'बरं'वर ह्या घरात काय ठरायचं न्हाय. त्यांचा शब्द येईल तवा ठरंल."

आठवड्यातून दोनदा त्या अण्णांना कोल्हापूरला न्यायच्या. बोलणं परत शिकवणाऱ्या ऐश्वर्या मॅडम होत्या, लेकीच्या वयाच्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. चित्रांचे पत्ते दाखवायच्या. छत्री, विमान, सफरचंद. अण्णा पहिल्या पत्त्याला बघायचे, दुसऱ्याला खिडकीकडं तोंड करायचे. एकदा मीही बरोबर होते. मॅडम अक्कांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "पहिल्या वर्षात जे यायचं ते वेगानं येतं. नंतरही येतं, पण फार हळू. तुम्ही घरी करून घ्या."

"विमानात हे कधी बसलं न्हाईत," अक्का म्हणाल्या. "ह्यांच्या वापरातल्या वस्तू आणल्या तर चालतील?"

"उलट तेच करा."

घरी येताना अक्कांनी कागलला उतरून शंभर पानी वही घेतली. गुंडूला समोर बसवलं आणि एकेक शब्द विचारून लिहायला लागल्या. ह्या वयात मोठ्या अक्षरात लिहायच्या, 'कांडी: लावायसाठी तोडलेला उसाचा तुकडा. डोळा: कांडीवर असतो, त्यातनं कोंब येतो. पाचट: उसाचा वाळलेला पाला. वाढं: उसाचा हिरवा शेंडा, गुरं खातात.' गुंडू म्हणायचा, "अक्का, तीस वर्सं रानात असून ह्ये इचारताय व्हय?"

"तीस वर्सं ऐकून सोडून दिलं, त्येची शिक्षा हाय. पुढचं सांग."

रोज सकाळी पूजा झाली की वस्तू घेऊन त्या अण्णांपुढं बसायच्या. "हे खुरपं. म्हणा, खुरपं." "बरं." "ही कांडी." "बरं." उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमारास एकदा संध्याकाळी अक्का णमोकार म्हणत होत्या आणि अण्णांनी मधूनच त्यांच्याबरोबर सूर धरला. शेवटपर्यंत म्हटला, एक अक्षर न चुकता. मी हातातलं टाकून धावले. अक्का हात जोडूनच म्हणाल्या, "अहो, आता माझं नाव घ्या."

"बरं," अण्णा म्हणाले.

मॅडमनी नंतर सांगितलं, लहानपणापासून पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. त्याला बोलणं आलं असं समजू नका. मला रडू आलं. अक्का नाही रडल्या. त्या म्हणाल्या, "एक वाट उघडी हाय हे तर देवानं दाखवलं. दुसरी मी शोधते."

ती दुसरी वाट चुकून सापडली. एका सकाळी गडबडीत अक्कांनी कांडी हातात घेऊन तिच्या डोळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा बघा कोंब." अण्णांच्या कपाळाला आठी पडली. मान हलायला लागली. "बरं, बरं," पण रागानं, अगदी पूर्वी कुणी सरीला वरंबा म्हटल्यावर यायच्या त्या रागानं. त्यांचे ओठ गोल झाले, काहीतरी यायला लागलं आणि परत आत गेलं.

अक्का माझ्याकडं आल्या, डोळे लकाकत होते. "अगं, बरोबर बोललं की त्यांना काय वाटत न्हाय. चुकलं की बोचतंय."

त्या दिवसापासून आमच्या सोप्यावर, पुढच्या पडवीत, चुकीचे शब्द सुरू झाले. अक्का पाचटाला भुसा म्हणायच्या, खुरप्याला विळा म्हणायच्या, वाढ्याला कडबा म्हणायच्या. गुंडू ऐकून कपाळाला हात लावायचा. अण्णा लालबुंद व्हायचे, ओठ हलवायचे, थापट्या मारायचे. शब्द काही यायचा नाही. पण आता ते खिडकीकडं तोंड करत नव्हते.

वर्ष भरत आलं. परत मार्गशीर्ष लागला, परत विहिरीकडं टोळी आली आणि ऊस तुटून गेला. उसाचं रान मोकळं झालं की पंधरा दिवसांत काय ते ठरवावं लागतं. उरलेल्या बुडख्यांतून परत फुटणारा ऊस ठेवायचा असेल तर ते बुडखे जमिनीलगत तासायचे, पाचट सरीत दाबायचं आणि पाणी सोडायचं. ठेवायचा नसेल तर नांगर घालून मोडायचा.

माझे यजमान वृषभ हे अण्णांचे धाकटे भाऊ. वर्षभर सगळं रान त्यांनी एकट्यानंच ओढलं. ते सोप्यावर येऊन म्हणाले, "अण्णा, विहिरीकडं फुटवा चांगला दिसतोय. आणखी एक साल ठेवू नव्हं?"

"बरं," अण्णा म्हणाले.

"ठरलं मग. बुडखं तासायला बायका सांगतो."

अक्का आतून आल्या. "भावजी, ते 'बरं' धरू नका."

"मग कुणाला इचारू, अक्का? भिंतीला?"

यजमानांनाही ते लागलं, पण शब्द निघून गेला होता. अण्णा खाली बघत होते.

"आठ दिवस द्या," अक्का म्हणाल्या. "त्यांच्या तोंडून सांगते तुम्हाला."

"वर्सभर आलं न्हाय ते आठ दिवसांत येणार?"

"आठ दिवस मागितलं. दिलं का न्हाय, तेवढं सांगा."

"दिलं," यजमान म्हणाले. "नवव्या दिवशी बायका येतील."

त्या आठवड्यात अक्कांचा घसा बसला. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या चुकत राहिल्या. मी म्हटलं, जरा थांबा. त्या म्हणाल्या, "थांबायचं नवव्या दिवशी."

सातव्या दिवशी दुपारी मी सोप्यावर शेंगा निवडत होते. अक्का चुलीपासून उठून आल्या, पदरानं तोंड पुसलं आणि अण्णांच्या खुर्चीसमोर जमिनीवरच बसल्या. हातात वही नव्हती. आवाज दमलेला.

"अहो, ऐका. विहिरीकडचा खोडवा तुटलाय. आता निडवा ठेवायचा का मोडायचा, ते भावजींना सांगायचंय."

मला वाटलं, हीसुद्धा मुद्दाम केलेली चूक. मी शेंगा निवडत राहिले.

अण्णांचा डावा हात खुर्चीवर आपटला. "बरं, बरं." ओठ ताणले गेले. "नि..." ते म्हणाले. "नि... नि..."

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"नि-ड-वा."

अक्का गुडघ्यावर उठल्या. "निडवा ठेवायचा? ठेवायचा म्हणताय?"

"बरं, बरं, बरं." अण्णांचा चेहरा रागानं फुलला. परत सगळं बळ गोळा केलं. "निडवा... तु... तुटला."

अक्का माझ्याकडं वळल्या. "काय म्हणत्यात गं? निडवा कसा तुटंल? तुटला तो खोडवा."

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम चुकला न्हाय?"

"कुठं चुकले?"

मग मी सांगितलं. लावलेला ऊस पहिल्यांदा तुटला की बुडख्यातून आपोआप परत येतो तो खोडवा. तो तुटल्यावर त्याच बुडख्यातून तिसऱ्यांदा येतो तो निडवा. विहिरीकडच्या उसाची लावण तुटली तेव्हा अण्णा धडधाकट होते. गेल्या साली ज्या सकाळी ते बांधावर कलले, त्या टोळीनं तोडला तो खोडवा होता. आवंदा गेला तो निडवा.

अक्कांनी बोटांवर सालं मोजली. मग म्हणाल्या, "म्हंजे मधलं एक साल मी धरलंच न्हाय."

"दवाखान्यात होता की तुम्ही."

"मी होते. हे पण होते." त्या अण्णांकडं बघत राहिल्या. "ह्यांनी धरलं."

अण्णांना दम लागला होता. अक्कांनी पाणी दिलं, ओठ पुसले आणि मग अगदी सरळ विचारलं, "निडवा तुटला. कबूल. आता तेच आणखी ठेवायचं का?"

अण्णांनी मान हलवली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मोड."

निडव्याच्या पुढं ऊस ठेवायचा नाही, रानाला पालट द्यायचा, हा अण्णांचा कायमचा शिरस्ता होता. यजमानांनाही तो माहीत होता. वर्षभराच्या दमणुकीत त्यांनी तो बाजूला ठेवला होता इतकंच.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून यजमान लवकर आले. पाटावर बसणार तोच अक्का म्हणाल्या, "आधी ह्यांना इचारा."

यजमान खुर्चीसमोर उभे राहिले. "अण्णा, ठेवू का ऊस?"

"बरं," अण्णा म्हणाले.

यजमानांनी मान खाली घातली. अक्का मात्र हलल्या नाहीत.

"असं न्हाय," त्या म्हणाल्या. "चुकीचं इचारा."

"म्हंजे?"

"म्हणा, अण्णा, खोडवा झकास आलता, आता निडवा ठेवतो."

"अक्का, तो खोडवा कुठं..."

"मला शिकवू नका, आजच शिकले मी. म्हणा."

यजमान म्हणाले. अण्णांच्या कपाळाला आठी पडली, हात आपटला. "निडवा. तुटला." मग भावाच्या तोंडाकडं बघून एकदम स्पष्ट, "मोड."

यजमानांनी खाली वाकून अण्णांच्या पायाला हात लावला. "मोडतो, अण्णा. बायकांना नको म्हणून सांगून येतो." ताट वाढलेलं होतं. मी म्हटलं, जेवून जावा. ते गेलेच. चार घरं फिरून आले तेव्हा दिवस मावळला होता, त्यामुळं त्या दिवशी ते उपाशीच झोपले.

ह्यानंतर अण्णा घडाघडा बोलायला लागले असं काही झालं नाही. ऐश्वर्या मॅडमनी सगळं ऐकून वहीत लिहून घेतलं आणि हसून म्हणाल्या, "ही पद्धत माझ्या पुस्तकात नाही." पण रोजचा एखादा शब्द यायला लागला. पाचट आला, विळ्याला धुडकावून खुरपं आलं. अक्कांचं नाव तेवढं येत नाही. चंदना म्हणायला गेले की चाडं होतं. पेरायच्या औतावर, कुरीवर, बसवतात ती बी सोडायची लाकडी वाटी म्हणजे चाडं. अक्का म्हणतात, "चाडं तर चाडं. कामाची वस्तू हाय."

विहिरीकडचं रान नांगरलं, ढेकळं फोडली, शेणखत टाकलं. उन्हाळी भुईमूग करायचं ठरलं. माघात रानाला पाणी देऊन भिजवलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी टोकणीला, म्हणजे एकेक शेंगदाणा बोटानं मातीत लावायला, आठ बायका आल्या. यजमानांनी अण्णांना मोटारसायकलवर आपल्या मागं बसवून आणलं, गुंडूनं मागून आधार दिला. बांधावर खुर्ची ठेवली होती. वर्षानंतर ते त्या बांधावर आले होते.

बायका बियाणं ओटीत घेऊन उभ्या होत्या. सुरू करायचं कुणी म्हणेना. सगळ्या अण्णांकडं बघत होत्या.

अक्का रानात उतरल्या. मूठभर माती घेतली, वळली आणि अण्णांच्या डाव्या हातावर ठेवली. अण्णांनी बोटांनी दाबून पाहिली. मग हात कलता केला. लाडू खाली पडला आणि फुटला.

"अगंबाई," अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घात झाला का हो? रडू आता?"

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. हात खुर्चीवर आपटला. "घात..." ते म्हणाले. "घात... आली."

आणि मग आठी गेली. त्यांनी मान तिरकी करून अक्कांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. जो शब्द आला तो अक्कांच्या वहीत कुठंच नव्हता.

"मु... मुद्दाम."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "मुद्दाम."

अण्णांचं अर्धंच तोंड हसतं, तेवढं हसलं. अक्कांनी पदर खोचला, ओटीत बियाणं घेतलं आणि बायकांच्या ओळीत जाऊन पहिली सरी धरली.